पडद्याकडे पाठ

एखाद्या माणसाला मार पडतानाचा व्हिडिओ तुम्ही शेवटचा कधी पाहिलात, आणि तो संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लावलात का?

उत्तर मला देऊ नका. हा प्रश्न मुळात पास्कोल सरांचा आहे, आणि उत्तर ऐकायला ते आता नाहीत. असते, तर तुम्ही तोंड उघडायच्या आधी त्यांनी ते तुमच्या चेहऱ्यावर वाचलं असतं आणि चारचौघांत मोठ्याने सांगितलंही असतं. त्यांना मित्र कमी होते, त्याचं कारण हेच.

पास्कोल सर वसईजवळच्या होळी गावचे. घरची भाजीची वाडी भावाने सांभाळली, सरांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांनी दहावीचा क्लास काढला. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्या क्लासात सिनेमा असे. खिडक्यांना काळे पडदे, फळ्यावर पांढरी चादर, भाड्याच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रवेश फुकट. अट एकच होती. सिनेमा संपला की दार बंद व्हायचं आणि प्रत्येकाने बोलायचं. बोलल्याशिवाय घरी जायला मिळत नसे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. बाबा कामगार संघटनेतले, मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे बोलायची खुमखुमी भारी. सिनेमा अर्धा व्हायच्या आत माझं भाषण तयार होतं. सर आमच्या समोर, पडद्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला उजेडाचा त्रास होत असेल. माझी बोलायची पाळी आली. मी सत्ता, शोषण वगैरे सुरू केलं.

"मत नको," सर म्हणाले. "मत कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. तू काय केलंस ते सांग."

"मी काय करणार? सिनेमा बघितला."

"घोडा मेला तेव्हा तू रडलीस. त्याच्या आधी गाडीवान मेला, तेव्हा वेफर्सची पिशवी दाताने फोडत होतीस."

सगळे हसले. सर हसले नाहीत. मी म्हणाले, "गाडीवान कधी मेला ते मला आठवतच नाही." त्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पानात बांधलेलं सुकेळं काढून माझ्या हातावर ठेवलं. सुकेळी म्हणजे वसईकडची उन्हात वाळवलेली केळी, चिवट आणि गोड. खरं बोलणाऱ्याला सर एक सुकेळं द्यायचे. बहुतेक रविवारी त्यांची पुडी भरलेलीच परत जायची.

तर सर सिनेमा बघायचे नाहीत, आम्हाला बघायचे. सिनेमा त्यांनी आधी घरी पाहिलेला असे. कुठे काय आहे हे त्यांना पाठ असे, आणि त्या त्या जागी कोणाचा चेहरा काय करतो एवढंच बघायला ते समोर बसत. त्यांच्या जाड चष्म्याच्या दोन्ही काचांत तो सिनेमा इवलासा हलताना दिसायचा. एका सद्गृहस्थाला त्यांनी सांगितलं होतं, "तुम्हाला झोप लागली तेव्हा तुमचा चेहरा सगळ्यात हुशार दिसत होता." तो पुन्हा आला नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही. मला ते "पत्रक" म्हणत. "काय गं पत्रक, आज कोणाचा निषेध?"

ही खोड त्यांना लागली कशी, ते एकदा त्यांनीच सांगितलं. तरुणपणी गुड फ्रायडेला चर्चच्या मैदानात येशूच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं, त्यात ते दर वर्षी चाबूक मारणारा सैनिक. उंच होते, आवाज मोठा होता. "गावातल्या बायका ढसाढसा रडायच्या," ते म्हणाले. "पण रडताना पुढे सरकायच्या. म्हाताऱ्या, पोरी, माझी आई. कुणाचं डोकं मध्ये आलं की त्याला बाजूला ढकलायच्या. एका वर्षी मागून कोणीतरी ओरडलं, जोरात मार, आवाज येत नाही. मी मारला. दोरीचा चाबूक होता, तरी येशू झालेल्या पोराच्या पाठीवर वळ उठला. नाटक संपल्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या वर्षापासून मला नाटकापेक्षा मैदान जास्त बघावंसं वाटायला लागलं."

आता समोरच्या बिल्डिंगचं सांगते. क्लासची बिल्डिंग रस्त्याच्या अलीकडे होती. पलीकडे तशीच दुसरी. एकाच बिल्डरने बांधलेल्या, एकाच पिवळ्या रंगाच्या, आणि दोन्हींना त्याने एकाच देवाचं नाव दिलेलं. कुरिअरवाले नेहमी चुकतात, लग्नाच्या पत्रिका इकडच्या तिकडे जातात. आमच्या सिनेमाला येणारे निम्मे लोक पलीकडचे. पहिल्या रांगेत त्यांचे सेक्रेटरी सावंत काका. मूळचे कणकवलीकडचे, मुंबईला विमा कंपनीत नोकरी, माणूस गप्पिष्ट. त्यांच्या शेजारी गौरीताई, बँकेत असतात, संध्याकाळी रस्त्यावरच्या कुत्र्यांना दूधभात घालतात. दोघंही कोणाच्याही अडीअडचणीला धावणारे. हे मी टोमण्याने लिहीत नाही.

पलीकडे पाणी एक दिवसाआड येतं. उन्हाळ्यात तेही नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप असतं आणि त्या कुलपावरून भांडणं होतात. अशा एका उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी, त्यांच्या गच्चीवर एक अनोळखी माणूस सापडला. टाकीचं झाकण उघडं, आणि त्याच्या हातात पांढऱ्या भुकटीची पिशवी.

तो काशिनाथ होता. नायगावकडच्या मिठागराच्या गावचा, टाक्या साफ करणारा. पिशवीत ब्लीचिंग पावडर होती. त्याला बोलावलं होतं अलीकडच्या बिल्डिंगने. नाव वाचून तो पलीकडच्या जिन्याने चढला. योगायोगाने त्या दिवशी कुलूप लावलेलं नव्हतं.

ग्रुपवर मेसेज पडला की पाण्यात विष घालणारा पकडलाय. बाकीचं तुम्हाला माहीत आहे, कारण असं सगळीकडे एकसारखंच होतं. त्याला खाली आणला. कोणीतरी सिमेंटची रिकामी गोण त्याच्या डोक्यावरून ओढली, म्हणजे कोण मारतंय ते त्याला दिसू नये. गोण काढली तेव्हा पोलीस आले होते आणि आवार रिकामं होतं. त्याचा उजवा हात कोपरात मोडला, तो वाकडाच बसला. आता त्याला दोर धरता येत नाही, टाकीत उतरता येत नाही. पोलिसांनी दारोदार विचारलं. कोणी काही पाहिलं नव्हतं. बाया म्हणाल्या कुकर लावला होता, पुरुष म्हणाले अंघोळीत होतो. पाणी नसलेल्या दिवशी अख्खी बिल्डिंग अंघोळीत होती. पुढे त्या सकाळीला एक नाव मिळालं, गैरसमज. "त्या गैरसमजाच्या वेळी," असं लोक अजूनही म्हणतात, जसं पुराच्या वेळी म्हणतात.

काशिनाथला फोन करून बोलावलं होतं सरांनी. क्लासच्या बिल्डिंगच्या टाकीचं काम त्यांच्याकडे होतं.

"मी नाव सांगितलं," सर मला म्हणाले. "रस्त्याची बाजू सांगितली नाही. शिक्षक माणूस मी, आयुष्यभर पोरांना अर्धवट उत्तराचे शून्य मार्क दिले." मग ते त्यांच्या घरच्या बोलीत बराच वेळ स्वतःशी बोलले. मला ती नीट कळत नाही, पण ते स्वतःला शिव्या देत होते एवढं कळलं.

त्यानंतर सरांना एकच गोष्ट हवी होती. पलीकडचा एक माणूस. फक्त एक, जो पोलिसांपुढे जाऊन म्हणेल की मी पाहिलं. त्यासाठी ते जिने चढले, चहा प्यायले, हात जोडले. सरांना हात जोडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कोणी मिळालं नाही. मग त्यांनी सिनेमा लावला.

परदेशी सिनेमा होता, युद्धावरचा. शत्रूच्या तुकडीने गाव जाळलेलं असतं. त्यातून वाचलेली एक मुलगी शहरात जाऊन फोटो स्टुडिओ काढते. तुकडीतले सैनिक घरी पाठवायला फोटो काढून घ्यायला येतात. ती त्यांची कॉलर नीट करते, हनुवटी वर करते, "इकडे बघा" म्हणते, आणि मारते. प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने. सगळा सिनेमा काळा-पांढरा, फक्त रक्त लाल. मागे नाचाचं संगीत. दिग्दर्शकाने प्रत्येक मरण लग्नाच्या ताटासारखं मांडलं होतं. मी मान्य करते, मला डोळे काढता येत नव्हते.

त्या दिवशी क्लास भरला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, सरांनी एक नवा माणूस बसवला होता. "माझ्या ओळखीचे," एवढंच सांगितलं. सावंत काकांनी मागे वळून त्याला चकली दिली. त्याने ती डाव्या हाताने घेतली.

सर पडद्याकडे पाठ करून बसले. सिनेमा सुरू झाला.

पहिला सैनिक मेला तेव्हा सगळे दचकले. दुसऱ्याला कोणीतरी हसलं. तिसऱ्याला शिट्टी वाजली. गौरीताई तोंडावर ओढणी धरून बाहेर गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. कोणी म्हणालं "हाण", कोणी म्हणालं "अजून एक राहिलाय". शेवटच्या अधिकाऱ्याला ती मारते तेव्हा कॅमेरा त्याच्या पाठीमागे असतो, आपल्याला फक्त त्याचे हलणारे खांदे दिसतात. सावंत काका वैतागून ओरडले, "अरे तोंड दाखवा ना त्याचं, काय नीट दिसत नाय." लोक खदखदा हसले. मागच्या रांगेत पाय आपटल्याचा आवाज येत होता. काशिनाथला टाळी वाजवता येत नव्हती, तो पायाने दाद देत होता.

दिवे लागले. दार बंद झालं.

"पैसा वसूल," सावंत काका म्हणाले. "म्हणजे फुकट होता, तरी वसूल. असल्यांना असंच पायजे, सर."

"तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? एन्जॉय केला."

गौरीताईंचे डोळे लाल होते. "मला हे कलाच वाटत नाही. माणूस मारताना गाणं लावतात? ही विकृती आहे. मला रात्री झोप लागणार नाही." एक कॉलेजातला मुलगा म्हणाला की रक्त इतकं लाल ठेवलंय म्हणजे ते खोटं आहे हे दिग्दर्शक आपल्याला सांगतोय, त्यामुळे हसायला हरकत नाही. त्याच्या आईने त्याला कोपर मारलं. कोणी म्हणालं, तिने बिचारीने केलं ते बरोबरच. कोणी म्हणालं, मग ती आणि ते यांच्यात फरक काय राहिला. वाद रंगला. इतका चांगला वाद आमच्याकडे क्वचित व्हायचा. लोक खूश होते.

शेवटी सरांनी मागच्या रांगेकडे बघितलं. "काशिनाथ, तुला कसा वाटला?"

मला वाटतं सरांनी मनात काहीतरी धरलं होतं. ज्याने मार खाल्लाय त्याला मार बघवणार नाही. तो उठून काहीतरी असं बोलेल की खोलीला लाज वाटेल.

काशिनाथ उभा राहिला. "मना बरा वाटला," तो म्हणाला. "जाम बरा वाटला. ती पोरगी बरोबर करते. अजून चार मारले असते तरी चाललं असतं."

सावंत काकांनी टाळी वाजवली. "हे बोला. हा खरा प्रेक्षक."

"आनि हे काका," काशिनाथ डाव्या हाताने त्यांच्याकडे बोट करत म्हणाला, "हे आता बोलले ना, तोंड दाखवा, नीट दिसत नाय? हेच, असंच, त्या दिवशी पन बोलले. माझ्या डोक्यावर गोन होती. हे म्हनाले, गोन जरा वर करा, तोंड दाखवा ना त्याचं, नीट येत नाय. मग कोनीतरी गोन नाकापर्यंत वर केली. मग परत खाली. मना दिसला कोन नाय. आवाज हाच."

पंखा फिरत होता. सावंत काकांचा हात खिशातल्या फोनवर गेला. त्यांना ते कळलंही नसेल. सरांना कळलं.

"कोण आहे हा?" काका म्हणाले. "सर, सिनेमाला बोलावून हे धंदे?"

आणि मग बोलल्या त्या गौरीताई. डोळे अजून ओलेच होते. "हे बघा दादा, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आमच्या बाजूनेही बघा ना. घरात लहान मुलं. टाकीपाशी अनोळखी माणूस. कोणीही घाबरेल. आणि नुसत्या आवाजावरून एखाद्या सभ्य माणसाचं नाव घेणं बरोबर नाही." माना हलल्या. कॉलेजातल्या मुलाने खुर्च्या आवरायला घेतल्या. पडद्यावरचं रक्त ज्यांना बघवलं नाही आणि ज्यांना आवडलं, त्यांच्यात मघापासून भांडण चालू होतं. आता ते मिटलं. सगळे एका बाजूला झाले. काशिनाथ एका बाजूला.

सरांनी त्याला विचारलं, सगळ्यांसमोर, "तुला काय हवंय?"

"एकदा गोन यांच्या डोक्यावर," तो म्हणाला. "बस. एकदा."

"ते मी देणार नाही."

"मग कशाला बोलावलात?"

सर उठले, शेवटच्या रांगेपर्यंत गेले, आणि खिशातली सगळी पुडी काशिनाथच्या डाव्या हातात ठेवली. नियम तो नियम. खरं तो एकटाच बोलला होता, आणि त्याचं खरं सरांना आवडलेलं नव्हतं. मग त्यांनी दार उघडलं. त्यानंतर त्या क्लासात सिनेमा झाला नाही. पलीकडच्यांनी अलीकडच्या सेक्रेटरींना सांगितलं, आणि तळमजला "रहिवाशांच्या सोयीसाठी" रिकामा करून घेतला गेला.

सरांनी निळ्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्याला परत केल्या. एक ठेवून घेतली. ती घेऊन ते रोज सकाळी होळीहून येत आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, फाटकाकडे तोंड करून बसत. फलक नाही, घोषणा नाही. मी म्हणाले, सर, निदान एक पत्रक काढू. ते म्हणाले, "पत्रक वाचून माणूस खिशात घालतो. माझ्याकडे बघून खिशात घालता येत नाही." लोक ऑफिसला निघत, मुलं शाळेला, सर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत. दुपार झाली की खुर्ची उचलून जात. आधी लोकांनी नमस्कार केला. मग गाडी काढताना मुद्दाम हॉर्न वाजवला. मुलांनी त्यांचं नाव पुतळा ठेवलं. गौरीताई कुत्र्यांना घालायचा भात आता सकाळीच सरांच्या पायाशी ठेवू लागल्या, म्हणजे कुत्री तिथे जमत. त्यात त्यांचा हेतू काय होता मला माहीत नाही.

नंतर सर आजारी पडले आणि गेले. त्यांना मारलं असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते मीच फाडलं. वय झालं होतं, छाती कमजोर होती. सर असते तर म्हणाले असते, अर्धवट उत्तर, शून्य.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. मी डबा घेऊन गेले होते. सर खुर्चीवर, नेहमीसारखे ताठ. वरून पाणी आलं. एक अख्खी बादली, नेम धरून. जिथे पाण्यासाठी माणसाचा हात मोडला, त्या बिल्डिंगमधून. सर नखशिखांत भिजले. वर खिडकीत हसण्याचा आवाज झाला, आणि त्या खिडकीच्या बाजूच्या खिडकीत मला एक फोन दिसला. कोणीतरी शूट करत होतं.

सरांनी चष्मा काढला, ओल्या शर्टाने पुसला, तो अजून ओला झाला, तसाच घातला. वर बघितलं. सावकाश, एकेका मजल्यावरून नजर फिरवत, जसे ते सिनेमाच्या वेळी रांगा बघत. खिडक्या बंद व्हायला लागल्या. "काल पाणी आलेलं दिसतंय," ते म्हणाले. मग खिशातून सुकेळं काढलं, पिळून पाणी झटकलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मला दिलं नाही. मी काही बोललेच नव्हते.

काशिनाथची केस अजून अनोळखी जमावावर आहे. साक्षीदार नाही. सावंत काकांचा फोन बदललाय. पण जुन्या फोनवर काढलेला मारहाणीचा व्हिडिओ त्या सकाळी ग्रुपवर पडला होता, आणि ग्रुपवर पडलेली गोष्ट एका फोनमध्ये राहत नाही. तो तुळिंजमधून आगाशीला गेला, आगाशीतून कुठे कुठे गेला. पोलीस आल्यावर बिल्डिंगमधल्यांनी पुसला. बाहेरच्यांनी पुसायचं काही कारण नव्हतं.

म्हणून आता फोन काढा. मागे जा, त्या उन्हाळ्यापर्यंत. लग्नाचे फोटो, देवाचे फोटो, गुड मॉर्निंग यांच्यामध्ये बघा. पिवळ्या भिंतीसमोर गोण घातलेला एक माणूस दिसला आणि मागून "तोंड दाखवा ना त्याचं" असं ऐकू आलं, तर तो पुसू नका, आणि आता कोणाला पाठवूही नका. तो घेऊन पोलीस ठाण्यात चला. एकट्याला जड वाटत असेल तर मी बरोबर येते. फाटकासमोर एक निळी खुर्ची असते, सकाळी मी तिथेच सापडेन.